चौकशीचा नंबर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी दचकायला नको. ऑफिसात माझ्या मागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण मी उगाच तापत नाही बापा. काम झालेलं नसताना कोणी "हो गया दीदी" म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझं सगळं पोटपाणीच 'झालं' या एका शब्दावर चालतं, त्यामुळे तो शब्द कोणी खोटा वापरला की मला सहन होत नाही.

जबलपुरात नेपियर टाउनमध्ये दातांच्या एका दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस आहे. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज येत असतो आणि वर आम्ही चार जण कोड लिहीत असतो. माझं काम पडद्यामागचं. तुम्ही मोबाईलवर 'पाठवा' दाबता, तिकडून एक विनंती आमच्या सर्व्हरकडे येते. सर्व्हर ती तपासतो, नोंद करतो आणि 'झालं' असं उत्तर परत पाठवतो. तुम्हाला वाटतं, संपलं. संपलेलं नसतं. त्या 'झालं'नंतर मागे आणखी चार गोष्टी आपोआप सुटतात. कोणाला मेसेज जातो, कोणाला ईमेल, कुठे आणखी एक नोंद पडते. आमच्या भाषेत त्याला इव्हेंट म्हणतात. ज्यानं बटण दाबलं, त्याला यातलं काही दिसत नाही. यात माझा एकच कडक नियम असतो. मुख्य काम खरोखर तडीस गेलं तरच मागचं काहीही सुटायचं. होकार आल्याशिवाय पेढे वाटायचे नाहीत, एवढं साधं आहे ते. नव्या पोरांना हे समजावता समजावता माझा घसा बसतो.

आमच्या मराठी मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र आहे. जबलपुरात आम्ही विदर्भातून आलेली माणसं, कोणाचे आजोबा रेल्वेत आले, कोणाचे फॅक्टरीत. सगळे एकमेकांना ओळखतात. केंद्राच्या तीन जाडजूड वह्या होत्या. मंडळातल्या एक काकू दुपारभर फोन घेऊन बसायच्या, आणि एका घरचा निरोप दुसऱ्या घरी पोचवता पोचवता त्यात आपलंही थोडं मीठ-मिरची घालायच्या. शेवटी अध्यक्ष काका माझ्याकडे आले. म्हणाले, "बेटा, तू दुनियाभरचं करून राहिली, आपल्या मंडळाचं पण करून दे ना." मी रविवारचे बसून त्यांची साइट बांधून दिली. आपल्या लोकांचं काम, म्हणून मनापासून केलं.

ती बांधताना आपल्या लोकांच्या दोन रीती मला कोडमध्ये घालाव्या लागल्या. पहिली रीत नकाराची. आपल्यात कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. मुलगी सावळी वाटली, मुलाचं पोट सुटलेलं वाटलं, घर लहान वाटलं, काहीही असो, निरोप एकच: पत्रिका जुळत नाही. मी समितीत भांडले की खरं कारण लिहायला एक जागा ठेवू या. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी काही अभद्र बोलले. अध्यक्ष काका म्हणाले, "अगं, उद्या हळदीकुंकवाला याच बायका समोरासमोर बसणार आहेत. काहून उगाच आग लावतेस?" मग मी नकाराचं एक बटण केलं. ते दाबलं, सर्व्हरनं 'झालं' म्हटलं, की समोरच्या घरी आपोआप मेसेज जायचा: 'पत्रिका जुळत नाही, क्षमस्व. आपणांस उत्तम स्थळ मिळो.' हे वाक्य मीच लिहिलं. 'आपणांस' कसं लिहायचं ते आईला विचारून लिहिलं.

दुसरी रीत चौकशीची. स्थळ पसंत पडलं तरी पुढं बोलण्याआधी त्या घराला ओळखणाऱ्या कोणाला तरी विचारायचं. बायोडेटात शेवटी 'चौकशीसाठी' म्हणून एक नंबर असतोच, बहुतेक मामाचा नाहीतर काकाचा. मी तेही आपोआप केलं. एका घरानं दुसऱ्या घराला पसंती पाठवली आणि ती नीट नोंदली गेली की लगेच मागून चौकशीच्या नंबरावर मेसेज सुटायचा: या कुटुंबाबद्दल आपलं मत कळवा. सोबत एक छोटा फॉर्म. मामानं फॉर्म भरला की उत्तर फक्त विचारणाऱ्या घराला दिसायचं. ज्यांच्याबद्दल विचारलं त्यांना दिसायचं नाही. हा माझाच हट्ट. नाहीतर माणूस मोकळेपणी खरं कसं सांगणार, असं मी समितीला ठणकावून सांगितलं होतं.

एका गोष्टीत मात्र मी नमले. साइटवर नाव घालणाऱ्या प्रत्येकाचा नंबर मी ओटीपी पाठवून तपासायची. चौकशीचे नंबरही तसेच तपासू या म्हटलं, तर समिती बिथरली. मामाला ओटीपी मागायचा? उद्या तो म्हणेल, भाचीच्या लग्नात मला चोर समजता काय. मानपानाचा प्रश्न झाला. मला कंटाळा आला होता, मी म्हटलं, चलो, राहू द्या. म्हणजे सगळ्या साइटवर एकच नंबर असा राहिला की तो खरंच त्या माणसाचा आहे का, हे कोणी पाहत नव्हतं.

माझंही नाव त्यात होतं. मी तेहतीस वर्षांची होते. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. घरी आई आणि मी, दोघीच. आई मराठी शाळेत शिकवायची, ती शाळा बंद पडली त्यालाही बरीच वर्षं झाली. माझा बायोडेटा तिनंच सांगितला आणि मी टाइप केला. 'गृहकृत्यदक्ष' शब्दावर आमचं भांडण झालं, कारण मला चहा सोडून धड काही येत नाही. शेवटी चौकशीच्या रकान्यात मी मामाचा नंबर घालायला लागले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, रिछाईच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आई म्हणाली, "तो नको. त्याच्यावर दिवसभर कारखान्याची माणसं फोन करून राहतात. त्याचा दुसरा नंबर आहे, तो घाल." आणि तिनं दहा आकडे तोंडपाठ सांगितले. मी घातले. दुनियेचे नंबर तपासणारी मी, आपल्या आईनं सांगितलेला काय तपासणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पसंत्या यायला लागल्या. आणि प्रत्येकीच्या मागून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझंच वाक्य माझ्याच फोनवर यायला लागलं. पत्रिका जुळत नाही, क्षमस्व. पहिल्या दोन वेळा मी हसले. आपणच रांधलेलं आपल्याच ताटात, म्हटलं. पाचव्या-सहाव्या वेळेपासून हसू येईना. स्वतः होऊन पसंती पाठवणारी माणसं दोन दिवसांत मागे काहून फिरतात, हे मला उमगत नव्हतं. मी आरशात जास्त वेळ बघायला लागले. ऑफिसात जास्त ओरडायला लागले. आणि दर नकाराच्या दिवशी आई माझ्या आवडीची पाटोडी करायची. बेसनाच्या वड्या, रस्सा झणझणीत, वर तेलाचा तवंग. "जाऊ दे," म्हणायची, "तुझ्या नशिबात याहून चांगलं काही असेल." मी ती पाटोडी दोन-दोनदा वाढून घेऊन खाल्ली आहे.

मग तो आला. मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, साइटवर त्याचा फोटो चढत नाही. मी म्हटलं, "तुम्ही लग्नाला फोटो पाठवून राहिले की भिंतीला पोस्टर? लहान करून टाका." तो हसला. रागावला नाही, हसला. कुंडमच्या सरकारी शाळेत तो गणित शिकवायचा, रोज मोटरसायकलनं जायचा-यायचा. मराठी सगळं समजायचं, पण बोलताना दर तिसऱ्या शब्दाला जीभ हिंदीत घसरायची. मी चूक काढली की थांबून तेवढं वाक्य पुन्हा म्हणायचा, वर्गात उभा राहिल्यासारखा. त्यानंतर आम्ही दोनदा भेटलो, एकदा ऑफिसखालच्या टपरीवर आणि एकदा नर्मदेवर. काय बोललो म्हणाल तर काहीच नाही. त्याच्या शाळेतल्या पोरींना दोन मैल चालत यावं लागतं, मला दातांच्या मशीनचा आवाज कसा डोक्यात जातो, असलंच काहीतरी. पण मी घरी येताना स्कूटर हळू चालवली, हे मला आठवतं. मी स्कूटर कधी हळू चालवत नाही.

त्यानं सांगितलं की त्याच्या घरी पत्रिका बघत नाहीत. म्हणाला, "मी साइटवरून रीतसर पसंती पाठवतो, म्हणजे दोन्ही घरी बरोबर कळेल." मला ते आवडलं. चोरून-लपून काही नको, सगळं रीतसर. बुधवारी दुपारी त्याची पसंती आली. मी ऑफिसातून आईला फोन केला. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. आई म्हणाली, "अच्छा? बरं झालं." मी खूश होते. इतकी की त्या दिवशी दोन पोरांनी कोड बिघडवला तरी मी कोणाला बोलले नाही.

शुक्रवारी माझं वाक्य आलं. पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.

आता कोणी म्हणेल, एक फोन करून विचारायचं होतं. का विचारायचं? ज्याच्या घरी पत्रिका बघत नाहीत तो पत्रिका जुळत नाही म्हणतो. वाक्य माझंच होतं, आपोआप जातं, हे मला माहीत होतं. पण नकाराचं बटण तर त्यानंच दाबलं होतं ना? ते काही आपोआप दबत नाही. मी वाट पाहिली की तोच फोन करेल. त्यानं केला नाही. मग मी त्याचा नंबर काढून टाकला, मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं सोडलं, आणि पुढचे आठ महिने मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. दगाबाज म्हटलं, बुळ्या म्हटलं. आईसमोरही म्हटलं. ती भाजी निवडत ऐकायची. म्हणायची, "असतात अशी माणसं. मनाला लावून घेऊ नको." नंतर तिनं माझ्या केसांना तेल लावून दिलं होतं.

आठ महिन्यांनी मंडळातून तक्रार आली. एका काकांनी अध्यक्षांना फोन करून झापलं होतं की एकाच मुलाबद्दल मला दोन-दोनदा काय विचारता, पहिलं उत्तर आवडलं नाही का? मला लगेच कळलं काय झालं असेल ते. जिथं नेटवर्क कमजोर असतं तिथं सर्व्हरनं म्हटलेलं 'झालं' मोबाईलपर्यंत पोचत नाही. मोबाईलला वाटतं काम झालंच नाही, तो तीच विनंती पुन्हा पाठवतो. सर्व्हर पुन्हा 'झालं' म्हणतो आणि मागचा मेसेज पुन्हा सुटतो. चूक माझी होती. दुरुस्त करण्याआधी इव्हेंटची यादी उघडून बघणं भाग होतं.

त्या यादीत प्रत्येक मेसेजची एक ओळ असते. कोणत्या पसंतीमुळे सुटला, कोणाला गेला, पोचला का, उत्तर काय आलं. लोकांच्या घरची उत्तरं वाचायची नाहीत, हा नियम मी स्वतःला घातला होता आणि तो कधी मोडला नव्हता. म्हणून मी तपासायला माझं स्वतःचंच नाव घेतलं. आपल्याच घरचं, त्यात काय, म्हटलं. हात दाखवून अवलक्षण ते असं.

अकरा पसंत्या. मामाला अकरा मेसेज गेलेले, आणि अकराच्या अकरा उत्तरं आलेली. काही तर दहा मिनिटांत. मला आधी मामाचं कौतुकच वाटलं, कारखान्याच्या गडबडीत बिचारा इतका तत्पर. मग मी पहिलं उत्तर वाचलं.

'कुटुंब सालस आहे. मुलगी हुशार व कर्तबगार. मात्र तिला लग्न करायचे नाही. घरच्यांच्या आग्रहाखातर नाव नोंदवले आहे. कृपया ही गोष्ट तिच्या कानी जाऊ नये, तिला वाईट वाटेल. मुलीचा मामा.'

दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. दोन शब्द इकडे-तिकडे, बाकी तेच. त्याच्या नावासमोरचं उत्तर मी सगळ्यांत शेवटी वाचलं. तेही तेच.

मी लॅपटॉप तसाच उघडा टाकला आणि स्कूटर काढली. रिछाईपर्यंतच्या रस्त्यात मी मामाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ज्यानं मला खांद्यावर बसवून गणपती दाखवले, त्यानंच केसानं माझा गळा कापला होता. आणि सुरी मी धार लावून त्याच्या हातात दिली होती. दर वेळी कोणाला मी आवडले की माझाच कोड धावत जाऊन त्याला सांगत होता, बघ बरं, आणखी एक आला, याचंही मोड.

जेवणाची सुट्टी होती. मामा कारखान्याच्या फाटकाशी डबा खात बसला होता. मी मोबाईलवर काढून आणलेली ती उत्तरं त्याच्यापुढे धरली. "हे काय आहे?" म्हटलं, "काय वाकडं केलं होतं मी तुझं?"

त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग म्हणाला, "बेटा, हे मी नाही लिहिलं. इतकी शुद्ध मराठी मला येते का? मला तर एकही मेसेज नाही आला. मी सोचून राहिलो होतो, पोरीच्या लग्नाचं मला कोणी काही विचारत कसं नाही."

"नंबर तुझा आहे."

त्यानं नंबर पाहिला आणि डब्याचं झाकण लावलं. "हा माझा जुना नंबर आहे," म्हणाला. "तो तर मी ताईला दिला ना, तुझे बाबा गेले त्याच साली. तिच्या फोनमध्ये दोन सिम बसतात. तिनंच मागितला होता, म्हणाली असू दे एखादा जास्तीचा."

मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. मी त्याचा फोन त्याच्या हातातून घेतला आणि त्या दहा आकड्यांवर लावला. घंटी दोनदा वाजली.

"बोल रे," आईचा आवाज आला. "आज भरदुपारी काहून फोन केला? जेवला का?"

मी फोन कापला. मामा माझ्याकडे बघत नव्हता, फाटकाकडे बघत होता. तसाच म्हणाला, "तू बस. पाणी पी." मी पाणी प्याले नाही. कुंपणच शेत खातं हे लहानपणी आईनंच मला निबंधात लिहायला शिकवलं होतं, आणि दहापैकी आठ गुण दिले होते.

रस्त्याच्या कडेला एका ट्रकच्या सावलीत स्कूटर लावून मी कुंडमच्या त्या मास्तराला फोन केला. नंबर फोनमधून काढला होता, डोक्यातून निघाला नव्हता. त्याची मधली सुट्टी असावी, मागे पोरांचा गलका होता. मी नाव सांगितलं. तो गलक्यापासून दूर गेला.

मी म्हटलं, "मला एवढंच विचारायचं आहे. माझ्या मामाचं उत्तर वाचून तुम्ही नकार दिला का?"

"हो," तो म्हणाला. त्याची मराठी आता पुष्कळ सुधारली होती. "पण लगेच नाही दिला. मला विश्वास नाही वाटला. तुम्ही तसं बोलल्या नव्हत्या. म्हणून मी त्या नंबरवर वेगळा मेसेज केला, फॉर्मवर नाही. लिहिलं की एकदा तिलाच विचारून सांगा, मी थांबतो."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'विचारले. नाही म्हणाली.' मग मी काय करणार होतो? तुम्हाला फोन करून त्रास द्यायचा का? मला वाटलं, तुम्ही शांतपणे नाही म्हणून राहिल्या, तर मीही शांतपणेच बाजूला व्हावं."

मी त्याला सांगितलं की मला कोणी काही विचारलं नव्हतं. कोणी लिहिलं ते नाही सांगितलं. तेवढी लाज मला आईची वाटली. तो हिंदीत म्हणाला, "मेरा तो तय हो गया है जी. अगले महीने." मी म्हटलं, अभिनंदन. खरंच म्हटलं. तो म्हणाला, "आठ महिने मी तुम्हाला दोष देऊन राहिलो होतो." मी म्हटलं, मीही. मग शाळेची घंटा वाजली आणि त्याला जावं लागलं.

घरी गेले तेव्हा आई टीव्ही लावून बसली होती. मी टीव्ही बंद केला, तिच्या पर्समधून तिचा फोन काढला आणि टेबलावर ठेवला. तिला कळलं. मामानं मध्ये फोन केला असेल किंवा नसेल, पण तिला कळलं. मी जे बोलले ते शेजारच्या तिवारी-मिश्रांनी हिंदी-मराठी न बघता सगळं ऐकलं असणार. मी म्हटलं, तू मला पाटोडी खाऊ घालत होतीस. तू माझ्या डोक्याला तेल लावत होतीस आणि मी तुझ्यासमोर त्याला दगाबाज म्हणत होते.

ती रडली नाही. माझी आई रडत नाही. म्हणाली, "तुझ्याबद्दल एक वाईट शब्द लिहिला नाही मी. वाचून बघ."

हे तिचं म्हणणं. सालस लिहिलं, कर्तबगार लिहिलं, जणू प्रगतिपुस्तक भरत होती.

मग म्हणाली, "तू गेलीस की या घरात मी बोलू कोणाशी? शाळा गेली, तुझे बाबा गेले. बाहेर दिवसभर हिंदी. भाजीवाला हिंदी, डॉक्टर हिंदी, देवळात हिंदी. भावाच्या घरी त्याची पोरं माझं ऐकून हसतात. सकाळपासून जिभेवर जे असतं ते संध्याकाळी तू आलीस की उतरतं. पहिल्या वेळी मी घाबरून लिहिलं. नंतर लिहीत गेले."

मला कीव आली का? आली. खोटं काहून बोलू? आणि कीव आली म्हणून राग आणखी वाढला, कारण तिनं रागावायचीही सोय ठेवली नाही. एकटेपणा तिचा खरा होता. पण त्यासाठी तिनं मला अकरा वेळा नको असलेली बाई करून टाकलं होतं, आणि मी आरशात चूक शोधत बसले होते.

साइट मी दुरुस्त केली. आता एक पसंती दोनदा आली तरी मेसेज एकदाच सुटतो. चौकशीच्या नंबरांनाही ओटीपी लागतो. समिती पुन्हा मानपानावर आली, तेव्हा मी म्हटलं, ओटीपी नाही तर साइट नाही. कारण सांगितलं नाही. अध्यक्ष काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय संपवला. माझं नाव मी काढून टाकलं. मामा दिवाळीला आला नाही, मुलांच्या हातून फराळ पाठवला. पुढच्या महिन्यात त्या मास्तराच्या लग्नाला अर्धं मंडळ गेलं होतं, नवरी गोंदियाची होती म्हणे, मराठी बोलते छान.

आई आणि मी त्याच घरात राहतो. दोन आठवडे मी तिच्याशी बोलले नाही. तिला दुसरी कोणतीच शिक्षा इतकी लागली नसती हे मला माहीत होतं, म्हणूनच तीच दिली. ती सकाळी माझ्या डब्याशेजारी उभी राहायची, आज पोळ्या मऊ झाल्या आहेत, असं काहीतरी म्हणायची आणि उत्तराची वाट बघायची. मी हेल्मेट घालून निघून जायची.

पंधराव्या दिवशी रविवार होता. ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी दारात उभी राहिले. मला भांडायचं नव्हतं, भांडून झालं होतं. एकच गोष्ट राहिली होती. मी म्हटलं, "त्यानं लिहिलं होतं तिलाच विचारा. तेव्हा तरी एकदा मला विचारायचं होतंस."

तिनं वर पाहिलं नाही. पंधरा दिवसांनी माझा आवाज ऐकला होता, तरी तिचे हात थांबले नाहीत. देठ एका बाजूला, पानं एका बाजूला.

"विचारलं असतं," ती म्हणाली, "तर तू हो म्हणाली असतीस."